मास्तरीणबाईंच्या कादंबऱ्या

श्रोतेहो, आजच्या भाषणाचा विषय कादंबरीवाचनाचा असला, तरी त्याची सुरुवात मला एका गाईपासून करावी लागणार आहे. कॅनडाच्या पूर्व किनाऱ्याजवळ प्रिन्स एडवर्ड आयलंड नांवाचें एक बेट आहे. तेथल्या ॲव्हनली नांवाच्या एका कल्पित खेड्यांत ॲन शर्ली ही साडेसोळा वर्षांची मुलगी राहते. तिची गाय शेजारच्या हॅरिसन नांवाच्या तिरसट गृहस्थाच्या पिकांत शिरते, तो गृहस्थ तिच्या दारांत येऊन तोंड सोडतो, आणि पुन्हां असें घडणार नाहीं असें ॲन त्याला वचन देऊन बसते. पुढें एके दिवशीं तीच गाय त्याच पिकांत उभी असलेली तिला दिसते. रागाच्या भरांत, चिखल तुडवीत, मैत्रिणीच्या मदतीनें ती गाय पकडते आणि वाटेनें जाणाऱ्या एका गिऱ्हाइकाला तेथल्या तेथें विकून टाकते. घरीं येऊन पाहते तों तिची स्वतःची गाय गोठ्यांत शांतपणें रवंथ करीत उभी! विकली गेली ती हॅरिसनची गाय.

हें प्रकरण आमच्या भंडाऱ्याच्या घरीं वाचलें गेलें तें श्रावणांतल्या एका संध्याकाळीं. धानाची रोवणी आटोपली होती, तलाव तुडुंब होते, आणि बाहेर पाऊस असा लागला होता कीं वाचनाखेरीज दुसरें करण्यासारखें कांहीं नव्हतें. पुस्तक इंग्रजी. माझी कन्या तें वाची आणि मी तें मराठींत सांगें. कारण आमच्या श्रोतृवर्गांतील मुख्य श्रोत्या म्हणजे माझ्या आत्या, आणि त्यांना इंग्रजी येत नाहीं. आत्यांचें वय ऐंशीच्या पुढें. पवनी तालुक्यांतील खेड्यांतून त्यांनीं तीस-बत्तीस वर्षें प्राथमिक शाळेंत शिकविलें. गाईचें प्रकरण संपलें तेव्हां त्या पदर तोंडाला लावून इतक्या हंसल्या कीं त्यांना ठसका लागला. मग म्हणाल्या, "माझ्या पहिल्या गांवीं निम्मीं भांडणें बांधींत शिरलेल्या ढोरांवरूनच होत. मास्तरीणबाई लिहितां-वाचतां येणाऱ्या, म्हणून कोंडवाड्याच्या पावतीवर काय लिहिलें आहे तें वाचून दाखवावयाला मलाच बोलावीत."

तेव्हांपासून माझ्या मनांत एक प्रश्न घोळूं लागला. आमच्या या तलावांच्या आणि धानाच्या जिल्ह्यांत बसून शंभर वर्षांपूर्वींच्या, बर्फाच्या देशांतल्या एका पोरसवदा शिक्षिकेची गोष्ट आम्हांस इतकी आपली कां वाटावी? आणि त्याच्याच पोटांत दुसरा, जरा अवघड प्रश्न: शिकलेल्या, शिकविणाऱ्या, मिळवत्या तरुण स्त्रीविषयीं मराठींतहि पुस्तकें झालीं आहेत, थोर म्हणावीं अशीं झालीं आहेत, तीं आपण वाचतों, वाखाणतों, पण पावसाळी संध्याकाळीं घरानें एकत्र बसून वाचण्यासाठीं आपण तीं कां काढीत नाहीं?

प्रथम ॲनची ओळख करून देतों. ल्यूसी मॉड माँटगोमरी या लेखिकेचा जन्म १८७४ सालीं त्याच बेटावर झाला. त्यांचें पहिलें पुस्तक, 'ॲन ऑफ ग्रीन गेबल्स', हें १९०८ सालीं बोस्टनच्या एका प्रकाशकानें छापलें. त्यापूर्वीं अनेक प्रकाशकांनीं तें परत केलें होतें, आणि लेखिकेनें कंटाळून तें हस्तलिखित टोप्या ठेवण्याच्या पेटींत टाकून दिलें होतें. त्या पुस्तकांत ॲन ही अकरा वर्षांची अनाथ पोर आहे. एका वयस्क भावा-बहिणीनें शेतकामासाठीं अनाथालयांतून मुलगा मागविलेला असतो, आणि चुकीनें येते ती ही तांबड्या केसांची, अखंड बडबड करणारी मुलगी. दुसऱ्या भागांत, १९०९ च्या 'ॲन ऑफ ॲव्हनली'मध्यें, ती त्याच खेड्याच्या शाळेंत शिक्षिका होते. १९१५ च्या तिसऱ्या भागांत ती कॉलेजांत जाते. आणि पदवी घेतल्यानंतर समरसाइड नांवाच्या गांवीं तीन वर्षें मुख्याध्यापिका होते, ती हकीगत १९३६ च्या 'ॲन ऑफ विंडी पॉप्लर्स' या भागांत आहे. पुढें लग्न, मुलेंबाळें, पहिलें महायुद्ध. अशीं एकंदर आठ पुस्तकें. वाचनाच्या रंगाच्या दृष्टीनें मला विचाराल तर लग्नानंतरचे भाग कांहींसे फिके आहेत. दुसऱ्या आणि 'विंडी पॉप्लर्स' या दोन भागांत जी गंमत आहे ती ती मास्तरीण आहे म्हणूनच आहे.

माँटगोमरीबाई स्वतः शिक्षिका होत्या. १८९४ ते १८९८ या काळांत त्यांनीं बेटावरील तीन खेड्यांत शिकविलें, मध्यें एक वर्ष कॉलेजसाठीं सोडून. त्यांपैकीं एका गांवीं त्या ज्या घरीं राहत तें इतकें थंड असे कीं, शाळेच्या आधीं लिहावयास वेळ मिळावा म्हणून त्या पहांटे उठत, अंगांत जाड कोट घालीत आणि पाय गोठूं नयेत म्हणून ते अंगाखालीं घेऊन लिहावयास बसत. ही हकीगत त्यांनींच १९१७ सालीं लिहिलेल्या आत्मवृत्तांत दिलेली आहे. ती ऐकून आत्या एवढेंच म्हणाल्या, "आमच्याकडे थंडी नव्हती, डांस होते." मला वाटतें, या पुस्तकांतील वर्गाचीं चित्रें खरीं वाटतात तीं यामुळेंच. वर्गांत मागच्या बांकावर बसलेला जो एक मुलगा बाईंकडे पाहून ओंठाच्या कोपऱ्यांतून हंसतो, त्याला ज्यानें शिकविलें असेल त्यालाच तो लिहितां येतो.

या मुलाचें नांव अँथनी पाय. ॲन शाळेवर रुजू होण्यापूर्वीं तिच्यांत आणि तिच्या बरोबरीच्या दोघां नव्या शिक्षकांत एक वाद होतो. एक मैत्रीण म्हणते, छडीवांचून शाळा चालत नाहीं. गिल्बर्ट म्हणतो, शेवटचा उपाय म्हणून हातीं असावी. ॲन म्हणते, मी मुलांना मायेनें जिंकीन, छडीला हात लावणार नाहीं. हा निश्चय ती सर्व गांवाला सांगून बसते. सगळीं मुलें वळतात, अँथनी वळत नाहीं. बाई म्हणजे काय मास्तर, असा त्याच्या चेहऱ्यावरचा भाव जात नाहीं. अखेर एके दिवशीं, ॲनचें दांत दुखत आहे, रात्रभर झोंप नाहीं, वर्गांत एकामागून एक घोटाळे होत आहेत, अशा वेळीं तिचा तोल जातो आणि ती त्याला छडीनें झोडपते. ती घरीं जाऊन रडते. आणि दुसऱ्या दिवसापासून अँथनी तिला मानूं लागतो!

हें प्रकरण वाचून आमच्या घरीं जो वाद झाला तो रात्रीं जेवणाच्या पानावरहि मिटला नाहीं. कन्येचें म्हणणें, लेखिकेनें येथें दगा दिला. ज्या तत्त्वासाठीं ॲन आपल्याला आवडली तेंच तिनें मोडलें, आणि वर त्याचें गोड फळहि तिच्या पदरांत घातलें. भारतांत २००९ च्या शिक्षणहक्काच्या कायद्यानें शाळेंत मुलांना मारण्यास बंदी केली आहे, हेंहि तिनें सांगितलें. माझें मत असें कीं, लेखिकेनें दगा दिला नाहीं, तिनें जें पाहिलें तें लिहिलें. तत्त्व खोटें ठरलें असें ती कोठेंच म्हणत नाहीं, उलट ॲनला त्या विजयाची लाज वाटत राहते. आत्या बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, "मीहि एकाला मारलें होतें. तो मला मानूं लागला नाहीं. त्यानें शाळा सोडली." त्यानंतर आम्ही त्या दिवशीं पुढें वाचलें नाहीं.

श्रोतेहो, कादंबरीचा आनंद म्हणतात तो केवळ हंसण्याचा नसतो. एखाद्या प्रसंगावरून तिघां माणसांना तीन गोष्टी आठवाव्यात आणि त्यांतली एक आजवर कोणाला सांगितलेली नसावी, हाहि त्याचाच भाग आहे. पण असा आनंद होण्यासाठीं पुस्तकांत एक प्रकारची निर्भयता असावी लागते. ॲनच्या जगांत दुःख आहे, मरण आहे, गरिबी आहे. परंतु तरुण मुलीनें शाळेंत शिकवावें, पगार घ्यावा, संध्याकाळीं एकटीनें रानांतून घरीं यावें, यांत कोणाला कांहीं वावगें दिसत नाहीं. तिला शिकवितां येईल कीं नाहीं याचीच काय ती गांवाला शंका. मराठी वाचकाला ही निर्भयता वारशानें मिळालेली नाहीं. ती कशी नव्हती, तें सांगितल्यावांचून दुसऱ्या प्रश्नाचें उत्तर मिळणार नाहीं.

आपल्याकडे १८४८ सालीं पुण्यास सावित्रीबाई फुले शिकवावयास निघाल्या तेव्हां त्यांच्या अंगावर लोकांनीं चिखल-शेण टाकलें, ही हकीगत सर्वश्रुत आहे. १८७० च्या सुमारास पुण्यास शिक्षिका तयार करण्याचें ट्रेनिंग कॉलेज निघालें. पण शिक्षिका व्हावयाला येणार कोण? ज्यांना घर होतें त्यांना घर सोडतां येत नव्हतें. पंडिता रमाबाईंचें शारदासदन १८८९ चें, आणि अण्णासाहेब कर्व्यांचा आश्रम १८९६ चा. या दोहोंतून ज्या बाया शिकून शिक्षिका झाल्या त्यांत विधवांचा भरणा मोठा होता. कर्व्यांच्या त्या संस्थेचें पहिलें नांवच अनाथ बालिकाश्रम असें होतें. म्हणजे आपलीहि मास्तरीणबाई ॲनसारखी अनाथच. फरक एवढाच कीं, ॲनला आईबाप नव्हते म्हणून ती अनाथ, आणि आपल्याकडच्या बाईला आईबाप, सासूसासरे, दीर, सारें गणगोत असूनहि ती अनाथ. त्यामुळें 'मास्तरीण' या शब्दाभोंवतीं आपल्या समाजाच्या मनांत पुष्कळ काळपर्यंत दुर्दैवाची एक छाया राहिली. जिचें नीट झालें ती संसार करील. जिचें बिघडलें ती शाळेंत शिकवील, असा तो समज.

कादंबरींत पाहावयाचें तर हरि नारायण आपट्यांपासून आरंभ करावा लागतो. १८९० सालीं त्यांनीं 'करमणूक' हें साप्ताहिक काढलें आणि त्यांत 'पण लक्षांत कोण घेतो?' ही कादंबरी क्रमशः छापिली. तिची नायिका यमुना शिक्षिका नाहीं. परंतु तिचा नवरा तिला शिकवितो, मुंबईच्या बिऱ्हाडीं तिच्या वाट्याला थोडे दिवस मोकळेपणाचे येतात, आणि ते दिवस वाचतांना वाचकालाहि सुख होतें. तें सुख आपट्यांनीं टिकूं दिलें नाहीं, कारण त्या काळच्या यमुनेला तें टिकवितां येत नव्हतें. नवरा जातो, केशवपन होतें, आणि वाचक पुस्तक मिटतो तो हुंदका गिळून. त्या कादंबरीचें मोल मी कमी करीत नाहीं. मराठी कादंबरी तिच्यापासून वयांत आली. पण तिनें वाचकाला जी संवय लावली ती कळवळण्याची. स्त्रीविषयींचें पुस्तक म्हणजे रडविणारें पुस्तक, ही अपेक्षा तेव्हांपासून पक्की झाली ती फार दिवस टिकली.

यानंतर विभावरी शिरूरकर. १९३३ सालीं ह. वि. मोटे यांनीं 'कळ्यांचे निःश्वास' हा कथासंग्रह प्रसिद्ध केला, आणि १९३४ सालीं 'हिंदोळ्यावर' ही कादंबरी. या दोन पुस्तकांनीं त्या वेळच्या सुशिक्षित घरांत जी खळबळ उडविली तिची आज कल्पना करणें कठीण आहे. निषेध झाले, टीकेचा भडिमार झाला, आणि त्याहिपेक्षां मोठी चर्चा चालली ती लेखिका कोण याची. हें टोपणनांव आहे हें उघड होतें. बाई आहे कीं बाईच्या नांवानें लिहिणारा पुरुष आहे, इथपर्यंत तर्क धांवले. या विभावरी म्हणजे बाळूताई खरे, पुढें १९३८ पासून मालतीबाई बेडेकर. शिरूर तालुक्यांतील घोडनदी हें त्यांचें जन्मगांव. टोपणनांवांतील 'शिरूरकर' तेथून आलें. वडील शिक्षक. त्यांच्यावर त्यांनीं पुढें १९५३ सालीं 'खरेमास्तर' हें पुस्तक लिहिलें. बाळूताई हिंगण्याला कर्व्यांच्या संस्थेंत शिकल्या आणि स्वतः शिक्षिका झाल्या. माँटगोमरीबाईंप्रमाणेंच त्यांनींहि जें लिहिलें तें वर्गाच्या दारांतून पाहिलेलें.

पण पाहिलें काय? 'कळ्यांचे निःश्वास'मधील एका कथेचें नांवच आहे 'बाबांचा संसार माझा कसा होणार?' थोरली मुलगी शिकली, नोकरीला लागली, तिच्या पगारावर घर चाललें. धाकट्या भावंडांचीं शिक्षणें चाललीं, घरांत पाळणा हालणें थांबलें नाहीं, आणि तिच्या लग्नाची गोष्ट कोणी काढीना. कारण ती गेली तर पगारहि जाणार. येथें कोणी दुष्ट नाहीं. बाबा प्रेमळ आहेत, आई कष्टाळू आहे. तरीहि ती मुलगी हळूहळू एखाद्या कर्त्या पुरुषासारखी राबते, आणि कर्त्या पुरुषाला जें मिळतें त्यांतलें तिला कांहीं मिळत नाहीं. ही गोष्ट तोंवर मराठींत कोणी बोललें नव्हतें. 'हिंदोळ्यावर'मधील अचला तर याच्याहि पुढें जाते. नवऱ्यापासून दूर राहणारी ती स्त्री स्वतःच्या पायांवर उभी राहून प्रेम आणि मातृत्व या दोहोंवरहि आपला हक्क सांगते. वाचकवर्ग हादरला त्यांत नवल नाहीं.

आपल्या विदर्भांत, वाशीमला जन्मलेल्या गीता साने यांनींहि १९३६ च्या आगेमागें 'निखळलेली हिरकणी', 'वठलेला वृक्ष' अशा कादंबऱ्या लिहिल्या. त्या विभावरींच्याहून कांहीं बाबतींत अधिक धीट आहेत. त्यांची आठवण आज फारच थोड्यांना आहे, हें मला खटकतें.

मग या पुस्तकांच्या वाचकांना आनंद होत नव्हता काय? होत होता, मात्र तो चोरून घ्यावा लागे. आत्यांनीं 'कळ्यांचे निःश्वास' वाचलें तें ट्रेनिंगला असतांना, म्हणजे पुस्तक निघाल्यानंतर सुमारें तीस वर्षांनीं. तेव्हांहि त्यांनीं तें अंकगणिताच्या पुस्तकाच्या पुठ्ठ्यांत घालून वाचलें. मीं विचारलें, "वाईट वाटलें काय?" त्या म्हणाल्या, "वाईट कसलें? आपल्या मनांतलें कुणीतरी लिहिलें आहे, याचा मला हर्ष झाला. पण शेवटची पानें मी वाचलीं नाहींत. पुढें आपलें काय होणार तें कशाला वाचावयाचें?" श्रोतेहो, माझ्या आत्या त्यांच्या घरांतल्या थोरल्या. माझ्या वडिलांचें आणि दोघां काकांचें शिक्षण त्यांच्या पगारावर झालें. त्यांचें लग्न झालें नाहीं. हें मला लहानपणापासून ठाऊक होतें, पण 'आत्यांनीं लग्न केलें नाहीं' अशा शब्दांत ठाऊक होतें. कोणीं केलें नाहीं, हा प्रश्न मला त्या पावसाळ्यापूर्वीं कधीं सुचला नव्हता.

आतां पुन्हां ॲनकडे वळतों, कारण मला जें सांगावयाचें आहे तें 'विंडी पॉप्लर्स'मध्यें आहे. हें पुस्तक मोठें मजेदार आहे. समरसाइड गांवांत प्रिंगल नांवाचें एक घराणें. अर्धा गांव त्यांचा. मुख्याध्यापकाची जागा त्यांच्या नात्यांतल्या माणसाला मिळाली नाहीं म्हणून सारे प्रिंगल ॲनच्या मुळावर उठतात. वर्गांत प्रिंगलांचीं पोरें बंड करतात, गांवांत प्रिंगलांच्या बायका नाकें मुरडतात. आपल्याकडे खेड्यावर बदलून गेलेल्या कोणत्याहि बाईंना हें नवीन नाहीं. घराण्याचें नांव तेवढें बदलावें. ही लढाई कशी मिटते तें पाहा. ॲनला जुन्या एका खलाशाची रोजनिशी मिळते. तींत प्रिंगलांच्या पूर्वजाच्या पराक्रमांचें वर्णन आहे असें पाहून ती भाबडेपणानें ती त्या घराण्यांतल्या दोघां म्हाताऱ्या बहिणींकडे पाठविते. त्याच रोजनिशींत असेंहि लिहिलेलें असतें कीं, जहाज जळून उपासमार झाली तेव्हां त्या पूर्वजाच्या भावानें आणि त्याच्या सोबत्यांनीं मेलेल्या एका माणसाला खाल्लें होतें! बहिणींना वाटतें, बाईंनीं आपल्याला धमकी दिली. दुसऱ्याच दिवसापासून सर्व प्रिंगल गोगलगाय होतात.

या पुस्तकाची एक गंमत अशी कीं, तें कथाक्रमानें आधींचें, पण लिहिलें गेलें लग्नाच्या भागानंतर एकोणीस वर्षांनीं. ॲनचें गिल्बर्टशीं लग्न होणार हें वाचकाला पक्कें ठाऊक असतें. म्हणून उत्कंठेला जागाच नाहीं. तरीहि रस टिकतो. कारण 'होणार कीं नाहीं' ही काळजी नसल्यामुळें वाचक घरमालकिणींच्या चहांत, शेजाऱ्यांच्या रुसव्यांत, पडणाऱ्या बर्फांत निवांत रमतो. ॲनच्या नोकरीलाहि मुदत आहे, आणि ती मुदत म्हणजे लग्न. त्या काळीं कॅनडांतहि लग्न झालें कीं शिक्षिकेनें शाळा सोडावयाची, ही रीतच होती. लेखिका या रीतीविरुद्ध चकार शब्द काढीत नाहीं. हें तिच्या पुस्तकांतलें न्यून आहे असें मी मानतों; पण वाचकाच्या निवांतपणाची किंमतहि तींतूनच दिली जाते.

असें मी म्हणत होतों, इतक्यांत कॅथरीन ब्रुक आली. ही ॲनच्या हाताखालची शिक्षिका. वय अठ्ठावीस, पण दिसते त्याहून मोठी. अंगावर वाईट शिवलेले कपडे, तोंडांत जहरी शब्द. मुलें तिला भितात, ती मुलांचा द्वेष करते. एका भिकार बिऱ्हाडांत ती एकटी राहते. ॲन तिला नाताळच्या सुटींत आपल्या घरीं येण्याचें आमंत्रण देते, ती आधीं फटकारते, मग येते, आणि तेथें एका रात्रीं तिच्या तोंडून सारें बाहेर पडतें. आईबापांत पटत नव्हतें. तीं गेल्यावर काकानें वाढविलें तें उपकार म्हणून. त्या काकानें तिच्यावर केलेल्या खर्चाची पै न् पै ती पगारांतून फेडीत आलेली आहे. कपडे भिकार कां, बिऱ्हाड भिकार कां, तर त्यासाठीं. शिकविणें तिला कधींच आवडलेलें नाहीं. तिला जग पाहावयाचें होतें.

मी हें सांगत असतांना आत्यांनीं हातांतली वात वळण्याचें काम थांबविलें होतें. मलाहि तेव्हांच उमगलें कीं, ही कॅथरीन म्हणजे 'बाबांचा संसार' चालविणारी आपलीच मुलगी आहे. विभावरींनीं तिला १९३३ सालीं लिहिलें, माँटगोमरीबाईंनीं १९३६ सालीं. दोघींना एकमेकींची वार्ताहि नसावी. फरक जागेचा आहे. माँटगोमरीबाईंनीं तिला कडेला बसविलें आणि मध्यें ॲनला ठेविलें. म्हणून आपण कॅथरीनला पाहतों तें ॲनच्या डोळ्यांनीं, आणि ॲनच्या घरच्या उबेंत बसून. विभावरींनीं तिला मधोमध बसविलें. तिच्याजवळ कोणी ॲन नाहीं, सुटींत बोलावणारें दुसरें घर नाहीं. वाचक तिच्याबरोबर त्याच खोलींत कोंडला जातो. घरानें एकत्र बसून वाचावयास आपण तें पुस्तक कां काढीत नाहीं, याचें उत्तर मला येथें मिळालें: त्या खोलींत ज्यांनीं तिला कोंडलें तीं माणसेंहि आपल्याच घरांतलीं, आपल्याच शेजारीं बसून ऐकणारीं असतात. माझे वडील आज हयात असते तर ती कथा मीं त्यांच्यासमोर मोठ्यानें वाचली असती, असें मला छातीवर हात ठेवून म्हणतां येत नाहीं.

परक्या भाषेंतल्या पुस्तकाचा हाहि एक उपयोग आहे. जपानांत हीं पुस्तकें घरोघर आहेत. हानाको मुराओका नांवाच्या बाईंनीं महायुद्धाच्या काळांत, शत्रुराष्ट्राचें म्हणून तें पुस्तक जवळ बाळगणेंहि धोक्याचें असतांना, पहिल्या भागाचें भाषांतर केलें आणि तें १९५२ सालीं प्रसिद्ध झालें. आजहि जपानी प्रवासी तें बेट पाहावयास जातात. पराभवानंतरच्या त्या देशांत, अनाथ पोर पुढें शिकते आणि शिकविते, ही गोष्ट वाचकांना हवीशी वाटली यांत आश्चर्य नाहीं. स्वतःच्या घरांतलें जें बोलवत नाहीं तें दुसऱ्याच्या घरांतलें म्हणून बोलतां येतें.

एक गोष्ट मात्र मला या वाचनांत सतत जाणवत राहिली. ॲन ज्या मुलांना शिकविते त्यांची भाषा तिचीच आहे. आमच्या झाडीपट्टींतल्या शाळेंत तसें नसतें. पोरें घरीं 'पानी' म्हणतात आणि पुस्तकांत 'पाणी' छापलेलें असतें. नव्या मास्तरीणबाई बहुधा दुसऱ्या जिल्ह्यांतून आलेल्या असतात, आणि पहिले सहा महिने कोण कोणाला शिकवितें आहे हें सांगणें कठीण असतें. आत्या स्वतः या भागांतल्याच असूनहि शाळेच्या दारांत त्यांची भाषा बदले, आणि दार ओलांडून बाहेर आल्या कीं पुन्हां पूर्ववत् होई. लाखांदूर-साकोलीकडच्या अशा एखाद्या बाईंची, तिच्या बिऱ्हाडाची, गांवच्या प्रिंगलांची, पुरांत अडकलेल्या पगाराच्या दिवसाची गोष्ट कोणी मराठींत चार-पांच भागांत सावकाश लिहिली, तर मी ती विकत घेईन. ती रडविणारी असली तरी चालेल, पण तिच्यांत एक तरी गाय चुकीनें विकली गेली पाहिजे.

कॅथरीनची हकीगत अर्ध्यावर सोडून आम्ही त्या रात्रीं निजलों. दुसऱ्या दिवशीं सकाळीं, एरवीं जें कधीं होत नाहीं तें झालें, आत्या चहाच्या वेळीं स्वतःहून म्हणाल्या, "तिचें पुढें काय झालें तें आतांच सांग. संध्याकाळपर्यंत थांबवत नाहीं." मीं कन्येकडून पुस्तक मागून घेतलें, पानें चाळलीं आणि सांगितलें कीं, तिनें शाळा सोडली. काकाचें देणें फिटलें होतें. ती दुसरें शिक्षण घेऊन जगभर हिंडणाऱ्या एका खासदाराची चिटणीस झाली. चला इजिप्तला, असें सहज म्हणणाऱ्या माणसाची.

"लग्न?" कन्येनें विचारलें.

"तें लिहिलेलें नाहीं," मीं म्हटलें.

"नसूं दे," आत्या म्हणाल्या. "इजिप्तला गेली ना? बरें झालें." आणि त्यांनीं कपबशी उचलून मोरींत ठेवली.